सुई कुणाच्या नावावर

खंडेनवमी होऊन चार दिवस झाले, तरी तोडकरांच्या कारखान्यातल्या मोठ्या लेथवरचा झेंडूचा हार तसाच सुकत होता. तो उतरवायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं, कारण वर घरात कुणाचं नाव घालायचं हे अजून ठरत नव्हतं.

खाली कारखाना आणि वर घर. उद्यमनगरात निम्मी माणसं अशीच राहायची. गंगव्वा लग्न होऊन इथं आली तेव्हापासून तिला मशीन चालू असताना झोप लागायची आणि मशीन थांबलं की जाग यायची. तिचे मालक रेवणसिद्ध जाऊन सहा वर्षं झाली होती. आता मशीनं थोरल्या प्रभुलिंगच्या नावावर होती आणि धाकट्या शशिधरच्या हातात होती. हे वाक्य गंगव्वा तोंडानं कधी बोलली नव्हती. मनात मात्र रोज बोलायची, आणि बोलून झालं की देवापुढं कान धरायची. कारण लेकरांत डावं-उजवं करणं हे पाप, असं केरबाबुवा आजरेकरांनी कीर्तनात सांगितलेलं तिला पाठ होतं.

बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात एक ढाल होती. शशिधरनं बाविसाव्या वर्षी इंजिनाच्या नोझलला बारीक भोक पाडायची एक युक्ती काढली होती, तिला मिळालेली. ढालीवर नाव होतं ‘श्री. प्रभुलिंग रे. तोडकर’. असं कसं, म्हणून तेव्हा गंगव्वानं विचारलं, तर शशिधर म्हणाला होता, “बक्षीस घ्यायला कोट लागतोय अव्वा. कोट अण्णाकडं हाय.”

त्या ढालीवरची धूळ पुसता पुसता गंगव्वानं अठरा वर्षं एकच मागणं मागितलं होतं. एकदा, कुठल्यातरी सरकारी कागदावर, ‘शशिधर रेवणसिद्ध तोडकर’ एवढंच लिहिलेलं या डोळ्यांनी बघायचं. आणि आज, अठ्ठ्याण्णव सालच्या दसऱ्यानंतरच्या रविवारी, तो कागद घेऊन पुण्याहून पेटंटचे वकील यायचे होते. म्हणून तिनं पहाटेच गव्हाची खीर शिजत घातली होती.

कागद होता सुईचा.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटाला बोटभर भोक पाडतात. वरची कातडी शिवणं सोपं असतं. पण कातडीखाली चरबी आणि चरबीखाली पोटाचा चिवट पडदा. तो शिवायचा म्हणजे आडात वाकून तळाला टाका घालायचा. नीट शिवला नाही तर वर्षा-दोन वर्षांनी आतडं त्याच भोकातून वर डोकं काढतं. गंगव्वाचे जावई डॉक्टर महांतेश एकदा जेवताना ही तक्रार बोलून गेले, आणि शशिधरनं हातातला घास तसाच धरून विचारलं, “पडदा किती जाड असतोय?” जेवताना असलं बोलू नये म्हणून गंगव्वानं त्याला दटावलं. पुढं सात महिने तो जेवताना काहीच बोलला नाही, आणि आठव्या महिन्यात सुई घेऊन वर आला. उदबत्तीएवढी बारीक, पोलादी, टोकाजवळ तिरकी खाच. खाचेत दोरा अडकवायचा, पडद्याच्या एका कडेनं सुई आत घालायची, दोरा सोडून द्यायचा. मग दुसऱ्या कडेनं रिकामी सुई घालायची आणि तोच दोरा खाचेत धरून वर ओढायचा. वर गाठ मारली की खालचं भोक बंद.

घरात मांसमच्छी चढू द्यायची नाही हा गंगव्वाचा कायदा. त्यामुळं सराव करायला शशिधरनं लाकडी चौकटीत एक पोट बनवलं होतं: वर रेक्झिन, मध्ये जुन्या गादीचा फोम, खाली फाडून ताणलेली सायकलची ट्यूब. ते पोट आत्ता टीपॉयवर मधोमध होतं आणि त्याच्याभोवती सगळं घर बसलं होतं. फक्त थोरली सून माहेरी कबनूरला गेली होती.

“नाव फर्मचं घालायचं,” प्रभुलिंग म्हणाला. “मेसर्स रेवणसिद्ध इंजिनिअरिंग. अप्पांचं नाव लागतंय. कुणाला वाईट वाटायचं कारणच न्हाय.”

“फर्मचे मालक कोण, भावजी?” धाकट्या सुनेनं, विद्याश्रीनं विचारलं. ती हायस्कुलात गणित शिकवायची आणि घरातही प्रश्न असेच विचारायची, उत्तर आधी काढून ठेवून.

“मी हाय. म्हंजे कागदोपत्री.”

“मग अप्पांचं नाव कुठं लागलं?”

प्रभुलिंगनं पंख्याकडं बघितलं. डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले.

“मला स्वतःला नावाची अजिबात हाव नाही,” ते म्हणाले. “पण शोध म्हणजे काय हो? आधी अडचण दिसली पाहिजे. ती मला दिसली.”

“अडचण तर पेशंटलाबी दिसली असंल की! त्याचं नाव घालूया?”

“अण्णा, ह्यांची चेष्टा करू नकोस हं,” शांभवी म्हणाली. ती डॉक्टरांची बायको असली तरी गंगव्वाची लेक होती, आणि तिला माहेरात नवऱ्याची बाजू घ्यायला विशेष आवडायचं. “दवाखान्यात दोन ऑपरेशनं केली त्यांनी ह्या सुईनं. काय वाईट झालं असतं तर नाव कुणाचं गेलं असतं? तुझं?”

“काही वाईट झालं नाही,” डॉक्टर घाईनं म्हणाले. “परत काढताना खाच मांसाला थोडी ओढते, एवढंच. किरकोळ आहे.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर शशिधर बसला होता. इतका वेळ खाली बघत होता, तो या वाक्याला वर बघायला लागला. उजवा हात विजारीच्या खिशात घालून आत कशाशी तरी चाळा करत राहिला. स्वयंपाकघराच्या दारातून गंगव्वा त्याच्याकडं बघत होती. लहानपणी अण्णानं खाऊ काढून घेतला की असाच खिशात हात घालून बसायचा, हे तिला आठवलं.

“असं असंल तर अव्वांचंच नाव घाला,” विद्याश्री म्हणाली. “वाकळ शिवायच्या त्यांच्या दाभणाला खाच हाय. ती बघूनच ह्यांनी सुईला खाच पाडली.”

सगळे हसले. वकील यायच्या आधी एवढ्या एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं. गंगव्वाही हसली आणि खीर लागेल म्हणून आत गेली. आतून तिला ऐकू येत होतं. प्रभुलिंगचा आवाज मऊ झाला होता, म्हणजे तो सौदा करत होता.

“डॉक्टर, असं करू. तुमचं अन माझं, दोघांचंबी घालू. तुमी अडचण दिलीसा, मी कारखाना दिला.”

“तसं ते न्यायाचं होईल,” डॉक्टर म्हणाले.

“आणि सुई कुणी दिली?” विद्याश्रीनं विचारलं.

“अगं, करणारा करतोच की. फर्मच्या माणसानं फर्मसाठी केलं.”

खिरीतली पळी थांबली. लेकाला फर्मचा माणूस म्हटलेलं गंगव्वानं ऐकलं, आणि तिला वाटलं आत्ता बाहेर जावं आणि ती ढाल उचलून प्रभुलिंगच्या मांडीवर ठेवावी. पण कीर्तनं ऐकून ऐकून माणसाचा राग पिकतो. लगेच उतू जात नाही. तिनं मनात म्हटलं, देवा, तूच बघ. मी माझ्या परीनं खंडेनवमीला केलंय.

केलं होतं खरंच. रेवणसिद्धांच्या काळापासून या घराचा रिवाज होता. वर्षभरात कारखान्यात जे काही नवं झालं, ते खंडेनवमीला हत्यारांबरोबर पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि संध्याकाळी अंगणातल्या मांडवात बुवांनी कीर्तनात त्याची कथा सांगायची. तीस वर्षांत पाटावर पंप बसला होता, नोझल बसलं होतं, आणि एकदा काहीच नवं नव्हतं म्हणून रेवणसिद्धांनी नुसती मोकळी जागा पूजली होती. यंदा सुई बसली. आणि यंदा पहिल्यांदाच गंगव्वानं बुवांना दोन दिवस आधी बोलावून, पायावर डोकं ठेवून सांगितलं होतं, “बुवा, कथेत माझ्या धाकट्याचं नाव घ्या. नीट घ्या.”

अकराच्या सुमाराला वकील आले. पारस मगदूम. मूळचे हातकणंगल्याकडचे, पुण्यात स्थायिक झालेले, पन्नाशीचे, शांत गृहस्थ. जैनांच्या घरचे, म्हणून विद्याश्रीनं दोडक्याच्या भाजीत लसूण घातला नव्हता. त्यांनी सुई हातात घेतली, खिडकीकडं धरून खाच बघितली, रेक्झिनच्या पोटात घालून दोरा ओढला, आणि लहान मुलासारखे हसले.

“फार सुंदर आहे हो! हे नक्की मिळायला पाहिजे.”

“नावाचं तेवढं आपल्यापुढंच ठरवू म्हटलं,” प्रभुलिंग म्हणाला.

“नावाचं नंतर बघू. आधी एक सांगा. अजून बाहेर कुणी पाहिलेली नाही ना ही?”

प्रभुलिंगचा चेहरा उजळला. या प्रश्नाची तो सकाळपासून वाट बघत असावा असा तो उठला आणि आतून एक तसबीर घेऊन आला. काल संध्याकाळीच फ्रेम करून आणली होती. संध्याकाळच्या पेपराचं कात्रण. ‘उद्यमनगरात बनली पोट शिवणारी सुई’. खाली मोठा फोटो. डोक्याला फेटा, गळ्यात वीणा आणि उजव्या हातात सुई उंच धरलेले केरबाबुवा. शेजारी कोट घातलेला प्रभुलिंग.

“कुणी न्हाय काय म्हणताय? सगळ्या गावानं बघितलीया! कीर्तनाला तीनशे माणूस हुतं. फोटोवाल्याला मीच बलावलं हुतं. आता कोण म्हणंल का, ही आमची न्हाय म्हणून?”

वकिलांनी चष्मा काढला. चष्मा पुसला. परत लावून कात्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि फ्रेम उलटी करून टीपॉयवर ठेवली, रेक्झिनच्या पोटाशेजारी.

“प्रभुलिंगराव, पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. नवी म्हणजे अर्ज करायच्या दिवशी कुणाला ठाऊक नसलेली. अर्जाआधी ज्यांनी पाहिली, त्यांच्यासाठी ती जुनी झाली. जी गावानं पाहिली ती गावाची झाली.”

“आवो, पण तीनशे साक्षीदार हायत आमचे!”

“तेच तर वाईट आहे.”

मग वकील जरा विचार करून म्हणाले, “एक वाट आहे. बुवांनी ढोबळ सांगितलं असेल, एक सुई केली, पोट शिवते, एवढंच, तर अजून आशा आहे. पेपरातही आत काय आहे ते दिलेलं नाही. ऐकून दुसऱ्या कारागिराला ती करता येईल इतकं सांगितलं असेल, तरच अडचण. कीर्तनात इतकं कोण सांगतं म्हणा! कीर्तन नीट ऐकलं कुणी?”

सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. तोडकरांच्या घरात कीर्तनाला सगळेच बसायचे, पण ऐकायची एकटी गंगव्वा, हे त्या क्षणी सगळ्यांना एकदमच कळलं.

गंगव्वा पदराला हात पुसत बाहेर आली. तिला नीट समजलं नव्हतं. बुवांच्या कीर्तनाबद्दल पुण्याचा माणूस विचारतोय एवढं समजलं, आणि तेवढ्यानं तिचा ऊर भरून आला.

“काय सांगू तुमास्नी, वकीलसाहेब! पूर्वरंगात बुवांनी देवाच्या करंगळीची कथा लावली. देवाचं बोट कापलं, रगत थांबंना. सगळ्या राण्या चिंध्या हुडकाय पळाल्या. अन द्रौपदीनं अंगावरचा भरजरी शालू टरकन फाडला, अन बांधला. मांडवात एक डोळा कोरडा न्हवता. अन मग बुवा म्हणाले, अहो, त्या बाईनं चिंधी बांधली, आमच्या शशिधरानं टाका घातला! आन उत्तररंगात सुई उचलली.”

“आणि सुई कशी चालते, हे काही सांगितलं?”

“न सांगाय काय झालं! बुवा अर्धवट काय सांगत न्हाईत. दोन दिस आधी येऊन शशीच्या म्होरं बसून समदं इचारून घेतलं हुतं. खाच कितव्या अंशात तिरकी, पोलाद कुठलं, किती तापवायचं अन कशात इझवायचं. वहीत चित्र काढलं. ह्या पोटात सुई घालून दावली मांडवात, दोनदा. पहिल्यांदा झटकन, अन मागच्या बायांस्नी दिसलं न्हाय म्हणून दुसऱ्यांदा हळू. एक शब्द चुकला न्हाय त्यांचा.”

बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. वकिलांचा चेहरा बघून तिला समजत चाललं होतं. ज्या नेमकेपणाचं तिला इतकं कौतुक होतं, त्यातला एकेक शब्द लेकाच्या नावावरचा एकेक टाका उसवत गेला होता. बुवांनी जरा भोंगळ कीर्तन केलं असतं, तर शशिधरचं नाव वाचलं असतं.

“माझ्या ऑफिसात अर्ज लिहिणारेसुद्धा इतकं स्पष्ट लिहीत नाहीत,” वकील हळूच म्हणाले.

मग मात्र घर पेटलं.

“अव्वा, तुला कुणी सांगितलं हुतं बुवास्नी आधी बलवायला?”

“भावजी, फोटोवाल्याला अव्वांनी न्हाय बोलावलं.”

“फोटोत खाच दिसत न्हाय! अन तू? आरतीच्या ताटात सुई ठेवून बायांच्यात कुणी फिरवली?”

“तुमीच म्हणालात फिरवा म्हणून!”

“आणि डॉक्टरांनी खंडेनवमीच्या पंगतीत तीन सर्जनांना पत्रावळीवर चित्र काढून दाखवलं ते?” हे शांभवीच म्हणाली, आणि म्हटल्यावर तिनं जीभ चावली.

“पत्रावळ होती ती! टाकून दिली!” डॉक्टर ओरडले. “आणि खरं सांगायचं तर माझा या सुईशी संबंध काय? मी फक्त एक अडचण बोलून दाखवली होती. जेवताना.”

“माझा तरी काय हाय?” प्रभुलिंग म्हणाला. “मी ऑफिसात बसणारा माणूस.”

वकील शांतपणे खिरीची वाटी घेऊन बसले होते. ते म्हणाले, “गंमत आहे. शोध कुणी लावला यावर तुमचं एकमत होत नव्हतं. बाहेर कुणी फोडला यावर पण होत नाही.”

प्रभुलिंग उठून खिडकीपाशी गेला, परत आला. त्याचा आवाज पुन्हा मऊ झाला.

“वकीलसाहेब, एक इचारतो. ते पेटंटचं ऑफिस कुठं, आमचं केरबाबुवा कुठं. संध्याकाळचा पेपर दुसऱ्या दिवशी शेंगा बांधायला जातोय. आपण बोललोच न्हाय तर?”

वकिलांनी वाटी खाली ठेवली. “अर्जात एक निवेदन असतं. ही गोष्ट आजवर उघड झालेली नाही, असं खाली सही करून सांगावं लागतं. सही शोध लावणाऱ्याची. पुढं खोटं ठरलं तर जबाबदारी त्याचीच. मी माझ्या अशिलाला खोटी सही करायला सांगत नाही. मी हात धुऊन येतो, तोवर तुमचं तुम्ही बघा.”

ते मोरीकडं गेले. आणि गेले चार दिवस जे घडत नव्हतं ते एका मिनिटात घडलं.

“हे बघा, खरं ते खरं,” डॉक्टर म्हणाले. “सुई शशिधरनंच केली.”

“तर काय!” प्रभुलिंग म्हणाला. “आपण कशाला मध्ये? रातध्याड घासली ती शशीनं. शशी, रकान्यात तुझंच नाव घालायचं. एकट्याचं. अण्णा हाय तुझ्या पाठीशी. तू फकस्त सही कर.”

शांभवी म्हणाली, “शशीअण्णाचाच मान आहे तो.”

विद्याश्री नवऱ्याकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर गणिताचं उत्तर चुकल्यासारखं काहीतरी होतं. नाव मिळत होतं. चार दिवस ती त्याच्यासाठीच भांडली होती.

शशिधर स्टुलावरून उठला. टीपॉयवरचा अर्ज त्यानं उचलला. रिकाम्या रकान्यावर त्याचं बोट थांबलं आणि गंगव्वा कपाटातल्या ढालीकडं बघायला लागली. एक सही. ढालीवरचं नाव पुसायची गरज नाही, त्याच्याशेजारी हा कागद ठेवायचा. कोण विचारायला येणार होतं? मांडवातली तीनशे माणसं? ती काय सरकारला पत्रं लिहिणार होती? बुवा तर ज्या गावात जातील तिथं कथा सांगणार, पण बुवा इंग्रजीत थोडेच सांगणार होते.

तिनं देवघराकडं बघितलं. देव तिच्याकडं बघत होता असं नाही. तो आपला नेहमीसारखा बसला होता. पण त्याच्यासमोरच्या पाटावर चार दिवसांपूर्वी ती सुई होती आणि तिनं हात जोडून म्हटलं होतं, आता सगळ्यांनी बघा.

“सही करू नगस, शशी,” गंगव्वा म्हणाली.

“अव्वा, तू आत जा,” प्रभुलिंग म्हणाला.

“न्हाय जात. मी सगळ्यांच्या देखत दावलीया. आता बघितलीच न्हाय म्हणून माझ्या लेकानं कशी सही करायची? तुज्या कोटाची सवय मला हाय, परभू. पर हा कोट त्याला नगं घालूस.”

प्रभुलिंग काहीतरी बोलायला गेला आणि नेमका फोन वाजला. विद्याश्रीनं उचलला. ‘हो, तोडकरच... हो... कुठली?’ म्हणाली, मग रिसीव्हरवर हात ठेवून वळली.

“गडहिंग्लजचे सर्जन हायत. त्यांची आई खंडेनवमीला कीर्तनाला आलीती. विचारतात, ती बुवांची सुई कधी मिळंल?”

“कुणाची?” प्रभुलिंग म्हणाला.

“बुवांची. तिकडं सगळे तसंच म्हणतात म्हणे.”

पहिल्यांदा हसला तो शशिधर. हळूच, खांदे हलवत, नाकातून. मग विद्याश्री हसली. हात पुसत आलेल्या वकिलांना डॉक्टरांनी सांगितलं तर ते भिंतीला टेकून हसले. एकटा प्रभुलिंग उलट्या ठेवलेल्या फ्रेमकडं बघत बसला. तिच्यात तो स्वतःही होता, पण बातमीत त्याचं नाव ‘व इतर’ मध्ये होतं, हे त्याला आत्ता आठवलं.

“द्यायच्या म्हणावं,” शशिधर म्हणाला. “पर एक महिना थांबा म्हणावं. ही न्हाय द्यायची. ही अडकती.”

दिवसभरात तो एवढं एकदम पहिल्यांदाच बोलला होता. सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

“डॉक्टर म्हणाले न्हवं, परत येताना खाच मांसाला ओढती? ते किरकोळ न्हाय. पडदा फाटंल त्यानं. मला ते पहिल्याच ऑपरेशनापासनं ठाऊक हाय. ह्या सुईवर नाव घालायचं असं तुमी बोलाय लागलासा, तवा मला वाटलं, अडकणाऱ्या सुईवर कशाला घालायचं नाव? म्हणून गप हुतो.”

“अहो, मग चार दिवस खिशात हात घालून...?” विद्याश्री म्हणाली.

शशिधरनं खिशातून हात काढला. मुठीत कापसाच्या चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तो आईकडं वळला. लहानपणी पहिला घडवलेला बोल्ट दाखवायला आला होता तसा, मूठ पुढं करून.

“अव्वा, ही बघ. त्या खाचेवर मी एक—”

“थांब!” गंगव्वा ओरडली, आणि तिनं दोन्ही तळव्यांनी डोळे गच्च झाकून घेतले. “दावू नगस! बोलूबी नगस!”

“अगं, तू घरातलीच हाईस.”

“घरातल्यांनी पाहिलं तर चालतं, आजी,” वकील म्हणाले.

“तुमास्नी हे घर ठाऊक न्हाय, वकीलसाहेब. म्होरल्या खंडेनवमीला बुवा इचारणार, गंगव्वा, यंदा नवं काय? अन मला खोटं बोलाय येत न्हाय. ठाऊकच नसलं म्हंजी बरं. परभू, तू गॅलरीत जा. डॉक्टर, तुमीबी. शांभवी, विद्या, जावा गं समद्या. फोटोवाल्याला फोन करायचा न्हाय कुणी.”

पावलं वाजली. प्रभुलिंगची जरा जड वाजली, पण वाजली. गॅलरीचं दार लागलं. गंगव्वा मात्र होती तिथंच उभी राहिली, कारण डोळे झाकून तिला स्वयंपाकघराचं दार सापडेना.

चिंधी उलगडल्याचा आवाज आला. मग एक बारीकशी टिक्. स्प्रिंगची असावी. पुन्हा टिक्. वकिलांचा श्वास आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

“शशिधरराव,” शेवटी ते म्हणाले, “ही कुणी पाहिलीय?”

“तुमी, अन मी.”

“आजी?”

“आजीनं काय बघितलेलं न्हाय,” गंगव्वा हातांच्या आडून म्हणाली.

कागद सरकल्याचा आवाज आला. पेनाचं टोपण निघालं. 

“नाव सांगा. पूर्ण.”

शशिधरनं घसा खाकरला. आणि जन्मात कधी कुणापुढं उच्चारलं नसावं अशा, अवघडलेल्या, मोठ्या आवाजात त्यानं सांगितलं, “शशिधर रेवणसिद्ध तोडकर.”

पेन कागदावरून चालायला लागलं. खर, खर, खर. अठरा वर्षं गंगव्वाला एवढंच बघायचं होतं. ते तिच्यापासून दोन हातांवर लिहिलं जात होतं, आणि सुई त्याच टीपॉयवर उघडी पडली होती.

तिनं बोटं आणखी घट्ट आवळली.